राजानंद सरांचा कान

जालन्यात गाणं ऐकणारे पुष्कळ, पण गाणं कशातून ऐकावं यावरून वर्षानुवर्षं भांडणारे दोघंच. एक राजानंद सर, कॉलेजात इतिहास शिकवणारे. दुसरे राधेश्याम शेठ, जुन्या जालन्यात कापडाचं ठोक दुकान चालवणारे. दोघांची ओळख झाली ती ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर. तिथं उभ्या उभ्या जो वाद सुरू झाला तो पुढं रविवारच्या बैठकीत गेला आणि मग तिथंच मुक्कामाला राहिला.

सरांकडे इंग्लंडच्या स्पीकरची जोडी होती. बुटकी, रुंद, लाकडी पेट्यांची. पुण्याच्या एका शौकिनाकडून त्यांनी ती गादीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर लेकरासारखी निजवून आणली होती. तिचा आवाज भरीव आणि मऊ. डोळे मिटले की गाणारा चार हात लांब सतरंजीवर बसलाय असं वाटायचं. शेठजींची जोडी डेन्मार्कची. उंच, सडपातळ, माणसाच्या छातीपर्यंत येणारी. तिच्यातून तबल्यावर पडलेलं प्रत्येक बोट वेगळं दिसायचं, सारंगीवर गज घासल्याची खरखरसुद्धा यायची, गाणारीनं श्वास घेतला की आपलाही श्वास अडकायचा.

"शेठ, तुमची जोडी गात न्हाई, चिरती," सर म्हणायचे.

"अन् तुमची सर, रजई पांघरून गाते," शेठ म्हणायचे. "जरा तोंड तो बाहर निकालो बाईचं."

हा त्यांचा नेहमीचा खेळ होता, पण सरांच्या बाजूनं तो खेळापुरताच नव्हता. गावात त्यांचा एक दबदबा होता. कुणी डॉक्टर नवं घर बांधायचा आणि दिवाणखान्यात कोणते स्पीकर बसवू म्हणून सरांना विचारायचा. विहारात नवी साऊंड सिस्टीम घ्यायची ठरली तेव्हा समितीची माणसं सरांना गाडीत घालून संभाजीनगरला घेऊन गेली होती. "सरांचा कान लई बारीक," असं लोक म्हणायचे. सरही ते नाकारायचे नाहीत. पदवी, नोकरी, घर या गोष्टी कष्टानं मिळवल्या होत्या. कान मात्र बापाकडून आलेला, असं ते सांगायचे.

बाप मंठा तालुक्यातला, गायन पार्टीचा माणूस. पेटी गळ्यात अडकवून गावोगाव भीमगीतं गायचा. लहानगा राजानंद कार्यक्रमाला जायचा आणि ज्या बांबूला कर्णा बांधलेला असायचा त्याच्याच बुडाशी चादर टाकून झोपायचा. वर कर्णा कोकलतोय, टाळ्या पडतायत, आणि खाली हा गाढ. "ह्याला गाण्याबिगर झोपच येत न्हाई," बाप कौतुकानं म्हणायचा.

बाप जाऊन खूप वर्षं झाली होती. आई केशरबाई सरांजवळच राहायची, नव्या जालन्यातल्या त्यांच्या घरी. सरांची बायको ज्योत्स्ना शाळेत विज्ञान शिकवायची. भरल्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा तिचा खणखणीत आवाज, आणि घरीही ती त्याच आवाजात बोलायची. केशरबाईचं उलट. तोंडात दात राहिले नव्हते, आवाज मुळातच हलका, त्यात सवय अशी की काम करता करता, खाली बघत बोलायचं.

अलीकडे मात्र ती बोलायचीच बंद झाली होती. निदान सरांना तसं वाटत होतं. सकाळी ओसरीत ती भाजी निवडत बसायची, सर पेपर घेऊन बसायचे, आणि मायलेकांत जुन्या दिवसांसारखं काही बोलणं व्हायचं नाही. तिचे ओठ हलायचे, काहीतरी पुटपुटल्यासारखं व्हायचं. सर "हं, हं" करायचे. वयानं माणूस आत आत जातं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एकदा ओळखीच्या डॉक्टरला विचारून त्यांनी स्मरणशक्तीच्या गोळ्याही आणल्या. केशरबाईनं त्या हातात घेतल्या, लेकाच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि पाण्याबरोबर गिळल्या. रोज गिळत राहिली.

*

त्या वर्षी दिवाळीच्या आधी राधेश्याम शेठच्या घरी रंगकाम निघालं. डेन्मार्कच्या जोडीवर चुन्याचा शिंतोडाही उडायला नको म्हणून शेठनं ती टेम्पोत घालून सरांच्या घरी आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही जोड्या एका खोलीत, एका भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"आता होऊन जाऊ द्या फैसला," शेठ म्हणाले.

"फैसला काय करायचा त्यात? मी डोळे झाकून सांगतो कोणती कोणती."

हे ज्योत्स्नानं ऐकलं. ती चहाचे कप घेऊन आली होती. "मग झाकाच डोळे," ती म्हणाली. "नुसतं बोलून काय उपयोग? आम्ही पोरांना शाळेत करायला लावतो तसं करू. मी पडदा लावते."

तिनं दोरी बांधून दोन चादरी अडकवल्या आणि चारही पेट्या त्यामागं गेल्या. दोन्ही जोड्यांचा आवाज तिनं मोबाईलवर मोजून सारखा करून घेतला, कारण जी जोडी मोठ्यानं वाजते तीच चांगली वाटते, हे या दोघांकडूनच तिनं शंभर वेळा ऐकलं होतं. ती पडद्याआड बसली. एकच ठुमरी, त्यातला एकच तुकडा, आधी एका जोडीतून, मग दुसऱ्या. क्रम ती मनाला येईल तसा बदलत होती. सरांनी फक्त हात वर करायचा, आपली जोडी वाजली की.

सर खुर्चीत ताठ बसले. पहिला तुकडा वाजला. दुसरा वाजला. सरांनी हात वर केला, ठामपणे. पुन्हा वाजलं, पुन्हा हात. त्यांच्या तोंडावर हळूहळू असं समाधान पसरलं की शेठजीही गप्प बसून बघत राहिले.

"बस," सर म्हणाले. "आणखी ऐकायची गरज न्हाई. ही माझी जोडी. शब्द बघा शेठ, शब्द. एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. ती श्वास कुठं घेती ते ऐका. याला म्हणायचं गाणं. अन् ती दुसरी, तुमची... काय झालंय तिला? बंद खोलीतून आल्यासारखं वाटून राह्यलं. प्रवासात काही लागलं तर न्हाई?"

पडद्याआड गाणं बंद झालं.

"ज्योत्स्ना?"

तिनं चादर बाजूला केली. चेहरा असा, जणू वर्गात प्रयोग करताना काचेचं भांडं फुटलंय. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही प्रत्येक वेळी शेठजींच्या जोडीला हात वर केलात."

सर हसले. मग हसू थांबलं. ते उठले, गुडघ्यावर बसले आणि ॲम्प्लिफायरपासून निघालेली वायर हाताच्या चिमटीत धरून शेवटपर्यंत चाचपत गेले. ती उंच, सडपातळ पेटीच्या पाठीत शिरत होती. दुसरी वायर धरली. ती बुटक्या पेटीत. ते परत आले आणि पुन्हा पहिली धरली.

"वायरी उलट लागल्या असतील."

"नाहीत लागलेल्या."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. या वेळी शेठजी स्वतः पडद्याआड जाऊन बसले, साक्षीदार म्हणून. सरांनी जीव कानात गोळा करून ऐकलं आणि हात वर केला. शेठ पडद्यातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडलो तो असा पाय घसरून पडावा, हे त्यांनाही सोसवत नव्हतं.

"जाने दो सर," ते म्हणाले. "आवड बदलती आदमी की."

पण सरांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. त्यांना आठवत होतं की गेली काही वर्षं आपली जोडी आपल्याला मंद वाटत होती. म्हणून त्यांनी वायरी बदलल्या, पेट्या भिंतीपासून पुढं ओढल्या, जाजम काढलं, परत टाकलं. जोडी म्हातारी झाली असं ते मनाशी म्हणायचे. आज ती आणि दुसरी पाठोपाठ वाजल्यावर त्यांनी निवडली ती जोडी अगदी तशी वाजली होती, जशी त्यांची स्वतःची जोडी पहिल्या वर्षी वाजायची.

*

ज्योत्स्नानं सरांना कानाच्या दवाखान्यात नेलं. कान तपासणारी बाई वयानं तरुण होती. तिनं सरांना एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. सर मनात म्हणाले, इथं तरी आपण सोनं करू. सुरुवातीला आवाज येत राहिले, ते दाबत राहिले. मग शांतता झाली. काचेपलीकडे ती बाई काहीतरी फिरवत होती, त्यांच्याकडे बघत होती, आणि ते वाट बघत होते. त्यांना वाटलं, मशीन बंद पडलं.

बाहेर आल्यावर तिनं कागद समोर ठेवला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ निघाली होती आणि मधेच घाट उतरल्यासारखी खाली कोसळली होती.

"सर, जाड आवाज तुम्हाला छान येतात. बारीक आवाज जवळजवळ येतच नाहीत. दोन्ही कानांत. हे एका दिवसात झालेलं नाही, फार वर्षांपासून चालू असणार. लहानपणी मोठ्या आवाजाजवळ राहिलात का कुठं?"

सरांच्या डोळ्यांपुढं बांबू आला, कर्णा आला, चादर आली.

"पण मला सगळं ऐकू येतं की," ते म्हणाले. "हे तुमचं बोलणं येऊन राह्यलं न्हाई का?"

"कारण मी समोर बसून, मोठ्यानं बोलतेय. बोलण्यातला स, श, फ, क, थ, ही सगळी अक्षरं बारीक आवाजाची. ती निघून गेली की शब्दाची हाडं जातात, नुसतं मांस उरतं. आवाज येतो, अर्थ लागत नाही. मग माणूस अंदाज बांधतो. मघाशी सांगितलंत ना, पडद्याआडचे चिरक्या आवाजाचे स्पीकर तुम्ही निवडलेत, ते त्यामुळंच. ते तुमची कमी भरून काढतात."

वर्गात रोज म्हटलेलं वाक्य सरांना आठवलं. मोठ्यानं बोला, जेवून आला न्हाईत का. पोरं हसायची, मग शिक्षा झाल्यासारखी ओरडून उत्तरं द्यायची. सरांना पोरं बुजरी वाटायची. दर वर्षीची पोरं आधीच्यांपेक्षा बुजरी.

"घरात कुणी हळू आवाजात बोलणारं आहे?" बाईनं विचारलं. "त्यांचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं, म्हणून विचारते."

"माझी आई. पण तिचा प्रश्न न्हाई. ती आताशा बोलतच न्हाई."

शेजारच्या खुर्चीवर बसलेली ज्योत्स्ना गर्रकन वळली.

"कोण बोलत नाही?"

"माय."

"आत्या बोलत नाहीत?" सासूला ती आत्या म्हणायची. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "अहो, आत्या दिवसभर बोलतात. माझ्याशी, भाजीवालीशी, फोनवर वाटूरच्या माहेरच्यांशी. तुमच्याशी तर सगळ्यात जास्त बोलतात. रोज सकाळी ओसरीत बसून तुम्हालाच सांगत असतात की. तुम्ही पेपरातून मान वर करत नाही. मी किती वेळा मनात म्हणाले, कसला माणूस हा, म्हातारी आई जीव तोडून सांगतेय आणि हा हं हं करतोय. दोन वर्षं मी तुमच्यावर रागावून बसलेय."

सर तिच्याकडे बघत राहिले. कान तपासणारी बाई उठून पाणी आणायला गेली.

*

सवय व्हावी म्हणून त्या बाईनं श्रवणयंत्रं काही दिवस वापरून बघायला दिली. कानामागं बसणारी, शेंगदाण्याएवढी. सर बाहेर पडले आणि दारातच थबकले. रिक्षाचा करकर ब्रेक, कुणाच्या तरी पिशवीची खसखस, स्वतःच्याच चपलेचा आवाज. रस्त्यानं चालणारी सगळी माणसं पाय घासत चालतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा केशरबाई ओसरीत टोपली घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. ज्योत्स्ना मुद्दाम आत गेली. सर आपल्या जागेवर बसले आणि सवयीनं पेपर उघडला. पेपरचा कागद एवढा मोठ्यानं वाजला की ते दचकले.

आणि मग तो आवाज आला. पोकळ हिरड्यांमधून निसटणारा, हलका, पण धड, शब्दाशब्दानं आलेला.

"आला का. बसला लगेच पेपर घेऊन. कुठं गेल्ता, कशाला गेल्ता, सांगायची सोय न्हाई. बस बाबा, बस. म्या आपली शेंगासंग बोलते."

सरांच्या हातातला पेपर खाली आला.

"माय," ते म्हणाले, "दवाखान्यात गेल्तो. कानाच्या."

केशरबाईच्या हातातली टोपली कलंडली. हिरवे दाणे फरशीवर घरंगळत गेले. ते घरंगळण्याचा आवाजही सरांना आला. तिनं दाण्यांकडं बघितलंच नाही. ती लेकाकडं बघत होती, भूत बघावं तशी.

"ऐकू आलं तुला?"

"आलं."

"म्या काय म्हणले?"

"शेंगासंग बोलते म्हणलीस."

ती उठली, जवळ आली, आणि त्याच्या कानामागं बोट घालून ते यंत्र चाचपून बघितलं. मग तिथंच खाली बसली. सरांनी सगळं सांगितलं, पडदा, जोडी, कागदावरची रेघ. ती मधेमधे "आं?" करत होती. त्याचं सांगून झालं तरी ती गप्पच राहिली. या वेळी खरोखरच गप्प. मग तिनं विचारलं, अगदी हळू, आणि ते सरांना ऐकू आलं.

"मंग संपतचं बी ऐकू आलं न्हवतं का तुला?"

संपत तिचा धाकटा भाऊ. वाटूरला राहायचा. मागच्या उन्हाळ्यात काविळीनं अचानक गेला. निरोप आल्यावर सर आईला घेऊन मातीला गेले होते, पुढं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही गेले होते.

"मामाचं काय?"

"म्या तुला सांगितलं न्हवतं का हितंच बसून, सून आत सैपाकात होती तवा. संपत लई पडलाय, पाणी बी ठरत न्हाई, मला येकदा वाटूरला घेऊन चल. तू म्हणला, हं, बघू. मंग दुसऱ्या दिशी म्हणले. तू म्हणला, हं. मंग म्या म्हणले, तुला टाईम न्हाई तर मला मंठ्याच्या गाडीत बसवून दे, म्या जाते. तू मान हलवली अन् कालेजात गेला."

सरांना ती सकाळ आठवेना. एकही सकाळ वेगळी आठवेना. सगळ्या सारख्याच होत्या, पेपर, चहा, आणि समोर पुटपुटणारी आई.

"ज्योत्स्नाला का न्हाई सांगितलं?"

"लेकाला सांगून झाल्यावर सुनेला कशाला सांगू? लेकानं न्हाई म्हणल्यावर सुनेला मधी घालू? म्या म्हणले, जाऊ दे. लेक मोठा सायेब झाला. मामाचं घर पत्र्याचं, तिथं जायची लाज वाटत असन. माती द्यायला मातर आला, चार लोकं बघत्यात म्हणून."

"माय!"

"मंग काय समजावं म्या? तू वरून त्या गोळ्या आणून दिल्या. म्या म्हणले, मला खुळी ठरवून राह्यला. घेतल्या. म्हणले, लेकाची तीच मर्जी असंल तर तसं."

तेव्हापासून ही बाई आपल्याबद्दल असं मनात धरून आपल्यासमोर चहा ठेवत होती, आपण आलो की ताट वाढलंय का बघत होती, आणि तरी रोज सकाळी न चुकता आपल्याशी बोलत होती. सर उठून उभे राहिले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून पुन्हा बसले. ज्योत्स्ना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता.

केशरबाईनं लेकाला जवळ घेतलं नाही. रडलीही नाही. फरशीवरचे दाणे एकेक करून टोपलीत भरू लागली. थोड्या वेळानं सरही तिच्याशेजारी बसून दाणे वेचू लागले.

*

रविवारी राधेश्याम शेठ आले, टेम्पो घेऊन. घराचा रंग वाळला होता. सरांना त्या पेट्यांकडं बघवत नव्हतं, पण शेठनं हट्ट धरला. "एक बार लगाके ऐका तर खरं. नवीन कान आहेत."

सरांनी यंत्रं लावून ऐकलं. डेन्मार्कची जोडी सुरू झाली आणि त्यांनी झटकन डोळे मिटून घेतले. सुया टोचाव्यात तसा आवाज. मग आपली जोडी लावली. गाणारी बाई पुन्हा चार हात लांब, सतरंजीवर जाऊन बसली. शब्द धुतलेले, श्वास जागच्या जागी. म्हणजे जोडी कधीच म्हातारी झाली नव्हती. वीस वर्षांपूर्वी ते जे बोलत होते ते त्यांच्या तेव्हाच्या कानांपुरतं खरं होतं, आणि पडद्यासमोर बोलले तेही त्या दिवशीच्या कानांपुरतं खरं. एवढी वर्षं आपल्या कानांच्या या आवडीला ते तत्त्व म्हणत आले होते.

"माय, तू बी ऐक," ते म्हणाले. केशरबाईला त्यांनी कधी त्या खुर्चीत बसवलंच नव्हतं. ती अवघडून बसली, पदर सारखा केला. दोन्ही जोड्या वाजवल्या. तिनं क्षणाचाही विचार न करता उंच पेट्यांकडं बोट केलं.

"ही. हिच्यात बाई काय म्हणती ते कळतंय. ती बुटकी तोंडात घास घेऊन बोलती."

"वा केशरबाई!" शेठ टाळी वाजवून उठले. "क्या कान है! बघा सर, तुमची आईच माझ्या बाजूला. आणि मी तर पहिल्या दिवसापासून—"

ते मधेच थांबले. टाळीसाठी वर केलेले हात तसेच राहिले. सरांना डेन्मार्कची जोडी का आवडली होती ते त्यांना ठाऊक होतं. सत्तरी ओलांडलेल्या केशरबाईला ती का आवडली तेही खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. शेठनं आपल्या उंच, सडपातळ पेट्यांकडं असं बघितलं, जसं त्यांनी आधी कधी बघितलंच नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "मला तर ही जोडी वीस बरस से आवडती."

सरांनी गाणं बंद केलं.

"चाळिशीत होतो तेव्हा मी," शेठ म्हणाले. मग चादरी मागवून घेतल्या आणि आपल्या हातानं पेट्या गुंडाळायला लागले. कान तपासणाऱ्या बाईचा पत्ता सरांनी त्यांना दिला. खिशात ठेवला त्यांनी. अजून गेलेले नाहीत. रविवारी येतात, ऐकतात, कोणती जोडी चांगली यावर मात्र आता बोलत नाहीत.

*

दिवाळी झाल्यावर सर केशरबाईला घेऊन वाटूरला गेले. तिनं मागितलं नव्हतं. त्यांनीही मोठ्या शब्दांत काही सांगितलं नाही, गाडी काढली आणि तिला बसायला सांगितलं. रस्ताभर ती बोलत होती. कोणत्या शेतात तिच्या बापानं सालगडी म्हणून काम केलं, कोणत्या वळणावर संपत लहानपणी सायकलवरून पडला, मंठ्याच्या बाजारात तिनं पहिली चप्पल कधी घेतली. सरांना बऱ्याच गोष्टी नव्या होत्या. "हे मला कधी सांगितलं न्हाईस," असं म्हणायला ते एकदा तोंड उघडणार होते. वेळेवर मिटलं.

मामी दारातच बसली होती. जय भीम झाला. पाणी झालं. चहा ठेवायला ती उठली नाही, आणि का उठली नाही हे सरांना कळत होतं. मग केशरबाईनंच बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, त्याला ऐकू येत न्हवतं. म्या सांगितल्यालं त्याला काय बी कळलंच न्हवतं. कानाचा बिघाड हाय. आता मशीन लावलंय, बघ."

मामीनं सरांच्या कानांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"घरभर एवढाले बाजे मांडून बसणारा माणूस," ती म्हणाली, "अन् बहिरा?"

आणि ती हसली. कडू, मोठ्यानं, मधेच तुटलेलं हसू. ते ऐकून केशरबाई आधी चपापली. मग तीही हसायला लागली, दात नसलेलं तोंड पदरानं झाकून. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून हसत होत्या, आणि हसता हसता मामी रडायला लागली. सर समोर बसून होते. ते हसणं, मधला हुंदका, पत्र्यावरून चालत गेलेल्या चिमणीच्या नख्या, सगळं त्यांना ऐकू येत होतं. एकदा त्यांचा हात यंत्र काढायला कानाकडं गेला. त्यांनी तो खाली घेतला.

मामी डोळे पुसत उठली. "साखर कमी का जास्ती?" तिनं चुलीकडं तोंड करून, पाठमोरी असतानाच विचारलं.

"जास्ती," सर म्हणाले.